आयत्या आकड्यांवर वाढणारी मुले

शाळेतल्या मुलांना बाकांवरून उठवावे, त्यांच्याकडून काहीतरी प्रत्यक्ष मोजून घ्यावे, मोजलेल्याची नोंद त्यांनीच करावी आणि त्या नोंदीचा आलेखही त्यांच्याच हातून उतरावा, ही शिक्षणाची रीत म्हणजे वेळेचा अपव्यय होय, असे मत अलीकडे सुशिक्षित पालकांत, संस्थाचालकांत आणि, सांगताना खेद होतो, काही शिक्षकांतही इतके दृढमूल झाले आहे, की त्याविरुद्ध बोलणाऱ्याने प्रथम आपल्या व्यवहारज्ञानाचा दाखला हजर करावा अशी अपेक्षा असते. हे मत मांडणारी माणसे मुलांची वैरी नाहीत. आपली मुले स्पर्धेत मागे पडू नयेत हीच त्यांची तळमळ असते, आणि म्हणूनच त्यांच्या मताचा निकाल दोन कठोर विशेषणांनी लावून चालणार नाही. ते मत त्याच्या सर्वांत सबळ रूपात पुढे ठेवावे आणि मग त्याचा एकेक सांधा तपासावा, हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

त्यांचे म्हणणे असे. स्तंभालेख हा सहावीच्या गणितातला एक लहानसा धडा आहे. सारणी पुस्तकात छापलेलीच असते. आलेखकागदावर दोन अक्ष आखावे, कोपऱ्यात प्रमाण लिहावे, सारख्या रुंदीचे स्तंभ उभे करून रंगवावे, की दोन तासिकांत काम उरकते आणि परीक्षेतले गुण पदरात पडतात. एवढ्यासाठी मुलांनी आठवडाभर चिंचोके मांडायचे, बाटलीत पाऊस धरायचा, गच्चीवरून गाड्या मोजायच्या, याला अभ्यास कोण म्हणेल? शिवाय उद्या ज्यांच्या हाती संगणक येणार, त्यांनी आज पट्टी-पेन्सिल घेऊन रेघा का ओढाव्या? मुलांनी जमवलेली माहिती चुकांनी भरलेली असणार, आणि बिनचूक माहिती जमवण्यासाठी तर सरकारची खातीच्या खाती बसलेली आहेत. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाने हे सारे करायचे केव्हा? आणि निर्वाणीचा मुद्दा असा, की असले प्रयोग मोकळी मैदाने आणि मुबलक पैसा असलेल्या शाळांना शोभतात. शीळफाट्यासारख्या ठिकाणी, जिथे रस्ता ओलांडणे हेच एक दिव्य, तिथे मुलांना मोजायला बाहेर काढणे हा शुद्ध अविचार होय.

शीळफाट्याचे नाव निघालेच आहे, तर हा वाद तिथेच उभे राहून घालू. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना महामार्ग, कल्याण-डोंबिवलीहून येणारा रस्ता आणि महाप्याकडे जाणारा रस्ता यांची ज्या टापूत गाठ पडते, त्या टापूला गेल्या काही दशकांत जे रूप आले आहे ते पाहिले, की माहिती जमवण्याचे शिक्षण देण्यास याहून योग्य जागा ठाणे जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही असे मला वाटते. न्हावा-शेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर-ट्रेलर इथूनच जातात. दिवा, डायघर, देसाई, पडले, खिडकाळी या गावांची भातखाचरे एका पिढीच्या डोळ्यांदेखत इमारतींखाली गेली. कल्याणच्या वाटेवर नवी नगरे उभी राहिली. आणि वांद्रे-कुर्ला संकुलापासून ठाण्याच्या खाडीखालून येणाऱ्या बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटर बोगद्याचे दुसरे तोंड याच शीळफाट्यापाशी ठरले. इथल्या माणसाचे सारे आयुष्य आकड्यांच्या अंमलाखाली जाते: रस्त्याची रुंदी किती, मोबदल्याचा दर किती, घराचे क्षेत्रफळ किती, आठवड्यात पाणी किती वार. हे सर्व आकडे दुसऱ्या कोणीतरी काढलेले असतात, आणि ते कसे काढले हे विचारण्याची विद्या ज्या शाळेत मिळायला हवी, त्याच शाळेत आपण मुलांना आयती सारणी देऊन स्तंभ रंगवायला बसवतो.

आता पहिला आक्षेप घेऊ: आकडे पुस्तकात दिलेले असताना ते पुन्हा का जमवायचे? या आक्षेपामागे असा समज आहे, की आकडा हा दगडासारखा जगात पडलेलाच असतो, कोणीही वाकून उचलावा, आणि बुद्धीचे काम उचलल्यानंतर सुरू होते. हा समज मुळातच चुकीचा आहे. शाळेच्या गच्चीवरून किंवा जिन्याच्या खिडकीतून वीस मिनिटे रस्त्यावरची वाहने मोजायला दोन गट बसवा. प्रत्येक वाहनामागे एक उभी रेघ आणि पाचव्याला आडवी, अशा ताळ्याच्या खुणा करायला सांगा. आणि मग दोन्ही गटांच्या बेरजा शेजारी मांडा. त्या जुळणार नाहीत. का जुळल्या नाहीत, यावरून त्या वर्गात जो वाद पेटेल तो त्या वर्षातला गणिताचा सर्वोत्तम तास ठरेल, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. मालवाहू तीनचाकी टेम्पो रिक्षांत धरायचा की मालगाड्यांत? कोंडीत अडकून एकाच जागी उभा राहिलेला टँकर एका गटाने पुन्हा मोजला असेल काय? फाट्यावर येऊन वळून परत गेलेली मोटार ही गेलेली मोटार की आलेली? मोजणीला आरंभ केला त्या क्षणी जी बस अर्धी चौकटीत आणि अर्धी बाहेर होती तिचे काय करायचे? पुस्तकातल्या सारणीत यांपैकी एकही प्रश्न उरलेला नसतो, कारण ते सगळे प्रश्न कोणा अज्ञात लेखकाने मुलाच्या आधी सोडवून, त्यांचा मागमूस पुसून, स्वच्छ उत्तर तेवढे मुलाच्या हाती ठेवलेले असते. म्हणजे ज्याला विचार म्हणावे तो पुस्तकाने केला, आणि रेघा ओढण्याचे हमालकाम मुलाकडे आले. याला अभ्यासक्रम पूर्ण करणे म्हणायचे?

कोणी म्हणेल, कडेची बस धरायची की सोडायची हा पोरखेळातला प्रश्न आहे. त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे काम पाहावे. आपल्याकडे पिकाचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या नजरेने बांधला जाई. सोळा आणे पीक कशाला म्हणायचे हे मनाशी धरून गावचे पीक दहा आणे की बारा आणे हे अधिकारी ठरवीत, आणि त्या आणेवारीवर शेतकऱ्याच्या साऱ्याची सूट किंवा तहकुबी अवलंबून असे. १९४० नंतरच्या दशकात सुखात्मे यांनी कृषी अनुसंधान परिषदेत या नजरअंदाजाच्या जागी पीककापणीचे प्रयोग शास्त्रशुद्ध पायावर उभे केले: शेते चिठ्ठीच्या न्यायाने निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तो प्रत्यक्ष कापायचा, मळायचा आणि धान्य तोलायचे. तुकडा किती मोठा असावा यावर त्या काळी मोठा वाद झाला, आणि सुखात्मे यांनी दाखवून दिले, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून जास्त दिसते. त्याचे कारण असे, की आखलेल्या रेषेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ती आत ओढण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितकी या काठावरच्या रोपांची किंमत जास्त. देशाचे धान्य किती, दुष्काळ जाहीर करायचा की नाही, असल्या प्रश्नांचा निवाडा काठावरच्या रोपापाशी येऊन ठेपतो! गच्चीवरच्या मुलांना पडलेला कडेच्या बसचा प्रश्न आणि सुखात्मे यांचा प्रश्न यांत जातीचा फरक नाही, फरक असलाच तर वयाचा आहे. पुढे १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांनी कृषिसंशोधकांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींवर लिहिलेला ग्रंथ संशोधकांच्या पिढ्यांनी हाताळला. ज्या भूमीने अशी माणसे दिली, त्या भूमीत मुलांनी मोजू नये हा उपदेश आपण करावा काय?

चिंचोक्यांचाही हिशेब इथेच चुकता करतो, कारण त्यांची अवहेलना सर्वांत जास्त होते. दुसरी-तिसरीच्या मुलांना सांगावे, की आपल्या वर्गात कोण कसा शाळेत येतो ते जमिनीवर मांडून दाखवा. पायी येणाऱ्यांनी एका ओळीत चिंचोके ठेवले, रिक्षाने येणाऱ्यांनी दुसऱ्या ओळीत पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या, तर आठ बाटल्यांची ओळ वीस चिंचोक्यांच्या ओळीहून लांब जाते, आणि वर्गातले एखादे मूल ओरडून सांगते की रिक्षावाले जास्त आहेत. दुसरे मूल मोजते आणि म्हणते, नाहीत. त्या क्षणी त्या मुलांना जे उमगते ते ‘सर्व चित्रे समान आकाराची व समान अंतरावर असावीत’ हा नियम शंभर वेळा पाठ केल्याने उमगणारे नाही. नियम कशासाठी जन्माला आला हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मग ती ओळींखाली खडूने चौकोन आखतात, एका चौकोनात एकच वस्तू ठेवतात, पुढच्या वर्षी वस्तूच्या जागी चित्र येते, त्यानंतर चित्राच्या जागी नुसता स्तंभ. वस्तूपासून खुणेपर्यंतचा हा प्रवास मुलाने पायी केला पाहिजे. त्याला थेट मुक्कामावर नेऊन उतरवले, तर तो कुठून आला हे त्याला सांगता येणार नाही, आणि परीक्षेत प्रमाण बदलून दिले की त्याची जी तारांबळ उडते तिचे मूळ याच ठिकाणी आहे.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. मुलांची मोजणी चुकते हे खरे आहे, आणि ते मी आनंदाने मान्य करतो, कारण चूक कशी होते हे कळणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. पण या आक्षेपाच्या उत्तरार्धात, म्हणजे बिनचूक आकडे सरकारी दफ्तरात तयार असतात या श्रद्धेत, जो धोका आहे त्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पेशवाई गेल्यानंतर पुणे इलाख्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून १८३० च्या सुमारास नवी जमाबंदी लागू केली. कागदावर ती फार शास्त्रीय होती. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवला होता. परंतु शेतावर साखळी धरणारे आणि प्रत लिहिणारे हात बेभरवशाचे होते, मोजणीत चुका होत्या, प्रतवारीत लाच शिरली होती, आणि त्या आकड्यांनी ठरवलेला सारा न पेलून रयतेने जमिनी टाकल्या. अखेर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात विनगेट आणि गोल्डस्मिड यांना काम नव्याने हाती घ्यावे लागले. दफ्तरात पडलेला आकडा दफ्तरात आहे म्हणून खरा ठरत नाही, हे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने आपल्या पोटाला चिमटा घेऊन शिकलेले आहे. आपल्या मुलांनी ते कोणत्या धड्यात शिकायचे?

आणि दफ्तरातला आकडा खरा असला तरी तो आपला असतोच असे नाही. २६ जुलै २००५ चा दिवस ठाणे जिल्ह्यात कोणाला आठवत नाही? त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३. एकच शहर, मधले अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, दोन्ही नोंदी खऱ्या, दोन्ही सरकारी, आणि तरी एकीवर विसंबून दुसरीकडच्या माणसाने घराबाहेर पडायचे ठरवले असते तर त्याच्या प्राणावर बेतले असते. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या मुलाने आपल्या अंगणातला पाऊस मोजू नये, कारण कुलाब्याला तो मोजला जातो, या युक्तिवादात काय उरते? त्याला लागणारी सामग्री तरी किती! सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, तळाचा खडबडीतपणा झाकेल इतके खडे आणि पाणी घालून तिथे शून्याची रेघ मारावी, बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवावी, आणि हवामान खाते ज्या वेळी पाऊस मोजते त्याच वेळी, सकाळी साडेआठला, रोज नोंद करावी. जून ते सप्टेंबरचे स्तंभ शेजारी शेजारी उभे राहिले, की पाऊस सरासरीने पडत नाही, तो तुटून पडतो आणि मग दडी मारून बसतो, हे चौथीतल्या मुलालाही कोणी न सांगता दिसते. सरासरी या शब्दाविषयी आयुष्यभर पुरेल अशी सावधगिरी त्याच्या अंगी इथे येते.

संगणकाचा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो, पण तो सर्वांत मोठ्या आवाजात मांडला जातो. यंत्र आलेख क्षणात काढते हे खरे. परंतु कोणता आलेख काढायचा, अक्ष शून्यापासून धरायचा की मधूनच, एका सेंटिमीटरला दहा वाहने मानायची की दोन, हे यंत्राला कोण सांगणार? विल्यम प्लेफेअरने १७८६ साली आपल्या ग्रंथात व्यापाराचे आकडे स्तंभांच्या रूपाने मांडले तेव्हापासून आजवर या चित्राची सारी शक्ती प्रमाणाच्या निवडीत आहे, आणि सारी फसवणूकही तिथेच आहे. ज्या मुलाने एकाच सारणीचे दोन आलेख दोन प्रमाणांनी स्वतः काढले, एकात फरक डोंगराएवढा आणि दुसऱ्यात नाममात्र कसा दिसतो हे पाहिले, त्याला वर्तमानपत्रातला किंवा दूरचित्रवाणीवरचा उभा-आडवा आलेख सहजासहजी फसवू शकणार नाही. कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा घरांच्या जाहिरातींचे जे प्रचंड फलक लागतात, त्यांवर स्टेशन अमुक मिनिटांवर असल्याची ग्वाही असते. ती मिनिटे कोणी मोजली? कोणत्या वारी, कोणत्या प्रहरी, कोणत्या वाहनाने? एकदा मोजली की तीस वेळा? सातवीच्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरच्या कमावत्या माणसांना स्टेशनला पोचायला लागलेली मिनिटे महिनाभर विचारून लिहिली, सकाळ आणि संध्याकाळ यांचा जोडस्तंभालेख काढला, तर त्या फलकावरच्या आकड्याकडे ती ज्या नजरेने पाहतील ती नजर कोणता संगणक देणार आहे? आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या आकड्यांच्या भरवशावर माणसे ओततात, ते आकडे तपासण्याची सवय सातवीत लागली तर तिला चैन म्हणायचे?

शिक्षकाच्या वेळेचा मुद्दा मात्र मी आदराने घेतो. या साऱ्या आक्षेपांत जो काही सत्यांश आहे तो इथे आहे. वर्ग भरगच्च आहेत, माहितीचे तक्ते वरून मागवले जातात, शिष्यवृत्ती परीक्षेचे दडपण आहे. शिक्षकावर आणखी एक उपक्रम लादून त्याची छायाचित्रे मागवणारा आदेश निघाला, तर त्या आदेशाला मीही विरोध करीन. परंतु या युक्तिवादातली एक विसंगती मला स्वस्थ बसू देत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकाला शिक्षणेतर कामांना जुंपू नये म्हणते आणि लगेच जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करते. १८८१ साली साऱ्या देशाची पहिली एकसमयी खानेसुमारी झाली, आणि पुढे दारोदार जाऊन माणसे मोजण्याचे हे काम दशकामागून दशक शाळामास्तरांच्या शिरावर पडत आले. घर कशाला म्हणायचे, कुटुंब कशाला म्हणायचे, रात्री पुलाखाली निजणाऱ्याची नोंद कुठे करायची, याचे ज्ञान या देशात शिक्षकाइतके कोणाला असेल? ज्या माणसावर राष्ट्र मोजण्याचा विश्वास आपण टाकतो, त्याला आपल्या वर्गात मोजणी शिकवायला दोन तासिका द्यायला आपल्यापाशी नाहीत, हे कसे? पुस्तकातही ‘उपक्रम’ म्हणून चौकट छापलेली असते. ती ओलांडून पुढच्या उदाहरणसंग्रहाकडे धावण्याची घाई शिक्षकाला कोणी लावली, याचे उत्तर पालकांनीही आपापल्या मनाशी द्यावे.

हे श्रीमंतांचे लाड आहेत असे जे म्हणतात, त्यांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ठाऊक नसावा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे शिक्षण उभे केले त्याला ना विलायती साधने होती ना खजिन्याचा आधार. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, जे अवतीभवती विनामूल्य मिळेल ते मोजायला आणि मांडायला घ्यायचे. मूल शाळेत येत नसेल तर गुरे राखणाऱ्या मुलापाशी शाळेने कुरणात जायचे. श्रीमंतांच्या शाळांनी ही रीत नंतर उचलली आणि तिची फी लावली, म्हणून ती त्यांची झाली काय? उलट ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, त्याच्या घरी मोजण्याजोगे सर्वांत जास्त आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी आले आणि किती वेळ टिकले, टँकर किती वाजता आला, वीज केव्हा गेली, यांचा एक महिन्याचा चित्रालेख, एक हंडा म्हणजे अर्धा तास असे प्रमाण धरून, दिव्यातले मूल जसा काढील तसा नळाला चोवीस तास पाणी असलेल्या घरातले मूल कसा काढणार? एवढे भान मात्र शिक्षकाने ठेवावे, की बापाची मिळकत, जात, घरातले भांडण असल्या गोष्टी वर्गात मोजायला घेऊ नयेत. कोणाही मुलाला मान खाली घालावी लागेल अशी सारणी काढण्यापेक्षा ती न काढलेली बरी.

राहता राहिला धोक्याचा मुद्दा. त्याचे उत्तर एका वाक्याचे आहे: मुलांना चौकात उभे करा असे कोणीही म्हणत नाही; गच्ची, खिडकी, अंगण आणि घर एवढ्या चार जागांत वर्षभर पुरेल इतकी मोजणी पडून आहे.

हॅरॉल्ड मॅन या शेतकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका लहान गावाची शेतवार, घरवार पाहणी करून १९१७ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १७७१ साली त्या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी जुन्या-नव्या नोंदींवरून दाखवले, तेव्हा दख्खनच्या दारिद्र्याविषयीच्या चर्चेला प्रथमच पायाखाली जमीन मिळाली. आज ते गाव पिंपरी-चिंचवडचे उपनगर आहे. पण ते काय होते आणि कसे बदलत गेले हे कोणालाही वाचता येते, कारण कोणीतरी वेळीच मोजले. डायघर आणि देसाईच्या मुलांनी आपल्या आजोबांना विचारून, तेव्हा किती खंडी भात होई, खाचरे किती होती, खाडीत मासळी कोणत्या महिन्यात मिळे, आज काय उरले, याच्या नोंदी मांडल्या, तर त्या नोंदी कच्च्या असतील, वादग्रस्त असतील, पण आज त्या केल्या नाहीत तर सांगणारी माणसे निघून गेल्यावर त्या कोणालाच करता येणार नाहीत. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या गावाच्या प्रश्नांवर अशाच पाहण्या करून मांडत आली आहेत. मुलांना हे झेपत नाही म्हणणाऱ्यांनी त्या मुलांसमोर बसून तसे म्हणून दाखवावे.

या सर्व आक्षेपांच्या तळाशी एक न बोललेली भीती आहे असे मला वाटते. मोजायला शिकलेले मूल प्रश्न विचारते, आणि विचारणारे मूल घरात, वर्गात, गावात गैरसोयीचे असते. ४ एप्रिल २०१३ रोजी याच शीळ-डायघर भागात बेकायदा बांधलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. मजल्यावर मजला चढत असताना ती इमारत त्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या हजारोंच्या डोळ्यांसमोर होती. मुलांनी आलेख काढले असते तर ती पडली नसती असे म्हणण्याचा पोरकटपणा मी करणार नाही. पण आपण सर्वांनी मृतांचा आकडा मोजला आणि त्याआधी मजल्यांचा मोजला नाही, किती महिन्यांत किती मजले, हा साधा हिशेब कोणाच्याही वहीत नव्हता, ही गोष्ट मला विसरता येत नाही. पाहणे आणि नोंद ठेवणे यांत जे अंतर आहे, ते अंतर तोडण्याची सवय वयाच्या दहाव्या वर्षी लागली नाही तर चाळिसाव्या वर्षी ती कुठून येणार?

म्हणून माझे मागणे मी स्पष्ट शब्दांत मांडतो. शीळ, डायघर, दिवा, देसाई, पडले, खिडकाळी इथल्या प्रत्येक शाळेत, मग ती मराठी असो, उर्दू असो वा हिंदी, येत्या जूनपासून मोजणीची एक वही असावी. तिच्यात साडेआठचा पाऊस असावा, नळाचे पाणी असावे, गच्चीवरून आठवड्यातून एकदा वीस मिनिटे मोजलेली वाहने असावीत. नोंद मुलांनीच करावी, चुकीची नोंद रबराने पुसू नये, तिच्यावर रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि दुरुस्त करणाऱ्याचे नाव लिहावे. त्यासाठी लागणारा वेळ आयत्या सारण्या रंगवण्याच्या तासिकांतून काढावा. वर्षअखेरीस ते आलेख प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर, गावाच्या सभेत, पालकांच्या मेळाव्यात लावावे. आणि परीक्षेत आलेखाची रंगरंगोटी न तपासता मुलाला जवळ बोलावून तीन प्रश्न विचारावे: हे कोणी मोजले, कुठे उभे राहून मोजले, आणि मोजताना काय सोडून दिले? ज्याला या तिन्हींची उत्तरे देता येतील, त्याला पूर्ण गुण द्यावे.